पायापाशी पडलेला चंद्र

"सर, चंद्र खाली पायापाशी काऊन पडला आहे?"

हॉलमध्ये माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला. पुढच्या रांगेतले पाहुणे मागे वळले. माझ्या पाठीशी काजल आणि अंकिता एकमेकींच्या ओढण्या घट्ट धरून उभ्या होत्या. पैज त्यांचीच होती. काजल म्हणाली होती, "दम असन तर सरांच्या तोंडावर विचार. नाई तर घरी जाय अन् उशीत तोंड खुपसून रड."

गेल्या वर्षापर्यंत मी उशीतच रडणारी होते. हजेरीला "हजर" इतकं हळू म्हणायचे की वर्गात बसलेली असूनही माझी गैरहजेरी लागायची. यंदा दहावीत आले, हातात कोरणी आली, आणि कोण जाणे कसा, आवाजही आला. ती कोरणी ज्यांनी दिली तेच कैलास सर आत्ता समोर उभे होते. पांढरा झब्बा, खांद्यावर शबनम, आणि मागे भिंतीवर काळ्या चौकटीत एक चित्र. खाली चिठ्ठी: 'अंतर्मनातील स्त्री'. चित्राच्या खालच्या कडेला पेन्सिलीने बारीक, सुबक सही: कैलास.

चित्र माझं होतं. स्वप्न मला पडलं होतं, कोरलं मी होतं, बोट माझं कापलं होतं.

जिल्ह्यातल्या कलाशिक्षकांचं हे छापचित्रांचं प्रदर्शन वर्ध्याला भरलं होतं आणि आमच्या शाळेने आम्हा पोरींना देवळीहून बसने पाहायला आणलं होतं. मी नाचत आले होते. आणि त्या भिंतीसमोर आल्यावर माझे पाय फरशीला चिकटले होते.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता अडखळतील. नाही अडखळले. "छान प्रश्न आहे," ते म्हणाले. "चंद्र म्हणजे माणसाची आशा. ती आकाशातून निखळून चिखलात पडली आहे. आणि या स्त्रीची तिच्याकडे पाठ आहे, कारण अंतर्मनाला उजेड सोसत नाही."

आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष सदाशिवराव यांनी मान डोलावली. सगळ्या चित्रात त्यांना तो चंद्रच सगळ्यात आवडला, असं ते शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली.

तो चंद्र नव्हता. तिथे माझं नाव होतं.

लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ लादीच्या तुकड्यावर कोरणीने जे काढून टाकावं ते कागदावर पांढरं राहतं, जे ठेवावं ते काळं उमटतं. आणि सगळं उमटतं उलटं. त्यामुळे नाव कोरायचं तर आरशात दिसतं तसं कोरावं लागतं. मी त्या बाईच्या पायापाशी 'रक्षा' कोरलं होतं. उलटा 'क्ष' कोरताना कोरणी निसटली आणि बोटात घुसली. त्या जागेवर सरांनी गोल गोल कोरणी फिरवली होती. नाव खरवडून निघालं, खड्डा झाला, खड्ड्याचा कागदावर पांढरा गोळा झाला, आणि त्या गोळ्याला आता टाळ्या पडत होत्या.

ती बाई कोण, तेसुद्धा सरांना ठाऊक नव्हतं. ते सांगलीकडचे. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत काढतात. कामट्या, कागद, चिंध्या यांची केलेली उंच बाई म्हणजे मारबत. तिच्या सोबतीला एक बाप्या असतो, तो बडग्या. बडग्याला दरवर्षी कोणाचं तरी तोंड देतात, ज्याच्यावर लोकांचा राग असेल त्याचं. दोघांना गल्ल्यागल्ल्यांतून ओरडत फिरवायचं. जे जे नकोसं झालं ते ते घेऊन जा म्हणायचं, खोकला घेऊन जा, डास घेऊन जा. मग गावाबाहेर नेऊन जाळायचं आणि मागे वळून न पाहता घरी यायचं.

मी लहान असताना बाबांच्या खांद्यावरून मागे वळून पाहिलं होतं. तेव्हापासून ते स्वप्न. अर्धी जळलेली मारबत शेतातून परत चालत येते आहे. पोटाला आरपार भोक पडलं आहे, त्या भोकातून मागची पऱ्हाटी दिसते, आणि पऱ्हाटीच्या बोंडाबोंडात कापसाऐवजी एकेक डोळा. सगळे उघडे. ती आमच्या किराणा दुकानाच्या शटरपाशी येऊन थांबते आणि अगदी गिऱ्हाईकासारखं विचारते, अजून काही न्यायचं राह्यलं काय? उत्तर द्यायच्या आत मला जाग येते.

हे स्वप्न मी सरांना सांगितलं नव्हतं, फक्त कोरलं होतं. सरांनी वर्गात मोबाईलवर जुनी परदेशी छापचित्रं दाखवली होती, सगळी काळीकुट्ट. फुलाच्या देठावर माणसाचं डोकं, पाण्यावर तरंगणारा एकच डोळा, जिन्यावरून उतरणारी सावली आणि तिला माणूसच नाही. बाकीच्या पोरी घाबरून हसल्या. मला वाटलं, अरे, हे लोक माझ्या झोपेत येऊन गेलेत. सर म्हणाले होते, "जे दिसतं ते सगळेच काढतात. तुला ज्याची भीती वाटते ते कोर." एवढं चांगलं मला आजवर कोणी काही शिकवलं नव्हतं. म्हणून तर राग इतका खोल गेला. अनोळखी माणसाने चोरलं असतं तर मी रडले असते. सरांनी चोरलं, तर मला दात ओठ खावेसे वाटले.

बसमध्ये अंकिता म्हणाली, हेडसरांना सांग. काजल म्हणाली, कोण ऐकन, कोरलेला लिनोचा ब्लॉक सरांकडे, सही सरांची, हिच्यापाशी काय आहे? आणि तेव्हा मला आठवलं. माझ्यापाशी कच्चे ठसे होते. कोरताना मधेमधे शाई लावून पाहायचे ना, कुठपर्यंत आलं ते, त्या सगळ्या ठशांत पायापाशी 'रक्षा' होतं. खरवडलेल्या ब्लॉकमधून तसा ठसा आता कोणालाच काढता येणार नव्हता, सरांनाही नाही. कोरून काढलेलं परत भरता येत नाही. सर म्हणायचे, कच्चे ठसे फाडून टाकत जा. मी फाडले नव्हते. किराणा दुकानदाराच्या घरात एका बाजूने कोरा असलेला कागद फाडत नाहीत. मी ते दुकानातल्या रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवले होते.

देवळीला उतरले ती धावतच दुकानात शिरले. गठ्ठा नव्हता.

"ते काळे कागद?" बाबा तराजूवरून मान न उचलता म्हणाले. "त्याच्या तं पुड्या बांधल्या मी. जिऱ्याच्या, हिंगाच्या. मस्त जाड होता कागद. अजून आण ना."

मी तिथेच तांदळाच्या पोत्यावर बसले. माझं नाव जिऱ्याभोवती गुंडाळून देवळीतल्या अर्ध्या स्वयंपाकघरांत गेलं होतं आणि तिथून चुलीत, नाही तर नालीत. बाबांना मी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं, आणि मला त्या दिवशी कोणाच्या वाईट वाटण्याचा उपयोग नव्हता. मला सूड पाहिजे होता, तोही चांगला, काळा, शाईने निथळणारा.

पोळा जवळ आला होता. बडग्याला तोंड लागणारच होतं.

लिनो सरांच्या कपाटात, कपाटाला कुलूप. मग मी स्वयंपाकघरात शोधाशोध केली आणि आईचं पोळपाट उचललं. सागवानी, जाड, त्याचे पाय कधीचेच गळून पडले होते. आई खाली ओलं फडकं घालून त्यावर पोळ्या लाटायची. वरची बाजू तिची, खालची माझी. दुपारी ती दुकानात बाबांना जेवण घेऊन गेली की मी पोळपाट उलटं करून मांडीवर घ्यायचे. लाकूड लिनोपेक्षा चिवट निघालं. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. पण काय मजा आली म्हणून सांगू. एकेक घाव घालताना मी मनात एकेक टाळी मोजून परत घेत होते.

पोळपाट गोल, म्हणून चित्रही गोल झालं. मधोमध सरांचं तोंड, जबडा वासलेला, आत चंद्र अर्धा गेलेला. दातांच्या जागी पेन्सिलीचे तुकडे. कानांच्या जागी दोन लहान हात, मुलींचे, बांगड्या घातलेले, बाहेर यायला धडपडणारे. आणि भोवताली कडेकडेने फुटलेली बोंडं, बोंडांतले डोळे सगळे सरांकडे. शाई कुठली आणायची? काळा पोस्टर रंग, त्यात डिंक. कागद दुकानातला. वर स्टीलच्या वाटीची पाठ घासली की झालं. पहिला ठसा उचलला आणि मलाच जरा दचकायला झालं. सर कागदावरून माझ्याकडे असे बघत होते की जणू त्यांनाच स्वप्न पडलंय आणि त्यात मी आले आहे.

ठशांची गुंडाळी घेऊन आम्ही तिघी मनकर्णाबाईकडे गेलो. आमच्या गल्लीची मारबत आणि बडग्या तीच करते. वर्षभर लोकांकडून रद्दी, चिंध्या, जुन्या लग्नपत्रिका गोळा करते आणि पोळ्याच्या आधी अंगणात कामट्या बांधायला बसते. जीभ एवढी तिखट की पोरं तिच्या दारावरून सायकलवरून उतरूनच जातात.

तिने ठसा हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हा कोण वो, तोंड वासून बसला?"

"आमचे चित्रकलेचे सर."

"अन् हा गिळून काय राह्यला?"

मी सगळं सांगितलं. मनकर्णाबाई ऐकताना कामटी वाकवत होती. शेवटी म्हणाली, "मी समजली पोरीले हात लावला बिवला. नाव खाल्लं म्हणतं? तेबी वाईटच. लाव. दोन्हीकडून लाव, पाठीवरबी. जातानाबी दिसला पायजे."

आम्ही बडग्याला पोटभर सर चिकटवले. हात खळीने भरले होते, म्हणून पुसायला मी शेजारी आडव्या पडलेल्या मारबतीच्या घागऱ्याशी वाकले. घागरा सगळा रद्दीचा. बियाण्याच्या पिशव्यांचे कागद, पत्रिकांवरचे गणपती, आणि त्यांच्यामध्ये चुरगळून सरळ केलेला, जिऱ्याचा वास येणारा एक काळा कागद. अर्धी जळलेली बाई. पोटातलं भोक. बोंडांतले डोळे. आणि पायापाशी, जरा तिरकं, 'रक्षा'.

अंकिताने पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. काजल लगेच तो उपटायला गेली. मनकर्णाबाईने कामटीनेच तिच्या हातावर फटका दिला.

"मारबतीले देल्लं ते वापस घेत नाईत. तुह्या मायनं शिकवलं नाई काय?"

"पण बाई, तोच एक पुरावा आहे," काजल म्हणाली.

"मंग तिच्या अंगावरच पाह्यतीन लोक. तिले साऱ्या गावात फिरवाचं हाय ना?"

मोठ्या पोळ्याच्या दिवशी घरात पुरणाचा वास आणि मी आतून उकळत होते. आई पोळ्या लाटत होती. मी पोळपाट पुसून ठेवलं होतं, पण रेघारेघांत अडकलेला रंग कसा निघणार? शेवटची पोळी तव्यावर टाकून आईने पोळपाट उचललं आणि थांबली. खालचं ओलं फडकं तिने हळूच वर धरलं. सकाळपासून ती वरून दाबून दाबून लाटत होती ना. फडक्यावर सर उमटले होते. जबडा, चंद्र, बांगड्या, सगळं.

"अवो," तिने बाबांना हाक मारली, "हे पाहा. तुमच्या लेकीचे सर माह्या पोळपाटाखाली निजले."

मग मला बोलावंच लागलं. बाबा ऐकत गेले तसे जिऱ्याच्या पुड्यांच्या आठवणीने त्यांचा चेहरा उतरला. पण पुढे ते जे बोलले त्यात सगळी भीतीच होती. दहावीचं वर्ष आहे, चित्रकलेचे गुण सरांच्या हातात आहेत. सर राहतात सदाशिवरावांच्याच घरात, वरच्या खोलीत भाड्याने. आणि सदाशिवरावांकडचा सगळा किराणा आपल्याकडून जातो. दुकानदाराने सगळ्यांशी गोड बोलायचं असतं. एका चित्राचं काय, तू अजून काढशील. उद्या मारबतीत जायचं नाही, हा शेवटचा शब्द. आणि सरांच्या चित्रकलेच्या वर्गातून नावच काढून टाकू, म्हणजे भानगडच नको.

एका चित्राचं काय. हे वाक्य मला सरांच्या सहीपेक्षा जास्त लागलं. मी पुरणपोळीला हात लावला नाही. ते फडकं मात्र आईने धुवायला टाकलं नाही, दोरीवर वाळत घातलं.

पहाटे तिनेच मला हलवून उठवलं. हातात तिची एक विरलेली हिरवी साडी होती. "मारबतीले नेसवजो," ती म्हणाली. "खालचा घागरा दिसू देजो, झाकू नको. अन् तुह्या बापाले मी पाह्यतो."

उजाडत होतं. पोरांनी मारबत आणि बडग्या खांद्यावर घेतले होते, पुढे डफडं वाजत होतं, मनकर्णाबाई काठी टेकत सगळ्यांच्या पुढे. गल्ल्यागल्ल्यांत लोक दारात येत होते, घराचा कचरा टाकत होते, ज्याला जे सुचेल ते ओरडत होते. गुडघेदुखी घेऊन जा गे मारबत, लोडशेडिंग घेऊन जा गे मारबत. बडग्याकडे पाहून शाळेतली पोरं आधी गप्प व्हायची आणि मग फिदीफिदी हसायची.

सदाशिवराव दरवर्षी मारबत पाहायला ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. यंदाही बसले होते. बडग्या जवळ आला तसे ते हसले, मग चष्मा नीट केला, मग हसू थांबलं आणि त्यांनी वर गॅलरीकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. गॅलरीत कैलास सर उभे होते. बनियनवर, तोंडात दात घासायचा ब्रश, जबडा तसाच वासलेला. मला शपथेवर सांगा म्हटलं तरी सांगेन, माझ्या ठशात आणि त्यांच्यात फक्त चंद्राचा फरक होता.

मी पोरांना थांबा म्हटलं. डफडं थांबलं. मी मान वर केली आणि वर्ध्याच्या हॉलमध्ये विचारलं होतं तेच, तितक्याच मोठ्याने विचारलं.

"सर, चंद्र खाली पायापाशी काऊन पडला आहे?"

सरांच्या तोंडात फेस होता. ते आत जाऊ शकले असते, पण गेले नाहीत.

"काय भानगड आहे ही?" सदाशिवराव उठले. मी आईच्या साडीचा पदर बाजूला केला आणि घागऱ्यावरचा कागद दाखवला. ते वाकले. चष्म्यातून, चष्म्यावरून, दोन्हीकडून पाहिलं. "हे तर तेच चित्र आहे. पण ह्याच्यात तो चंद्र कुठं आहे?"

"चंद्र नाईच जी. तिथं माह्यं नाव आहे. सरांनी नाव खरवडलं, त्याचा चंद्र झाला."

सदाशिवरावांनी बोट टेकवून एकेक अक्षर वाचलं. "रक्षा." मग माझ्याकडे पाहिलं. ज्या चंद्राचं त्यांनी चारचौघांत कौतुक केलं होतं तो आपल्यालाही गिळायला लावला होता, हे त्यांच्या ध्यानात येत होतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या. वर पाहून ते एवढंच म्हणाले, "कैलास, खाली ये."

तेवढ्यात मनकर्णाबाईने काठी आपटली. "दुसऱ्याचं नाव गिळणारे घेऊन जा गे मारबत." आणि सगळी गल्ली तेच ओरडायला लागली. मी सगळ्यात मोठ्याने ओरडले. हजेरीच्या वेळी जो आवाज कधी पहिल्या बाकापर्यंत पोचला नव्हता, तो त्या दिवशी बसस्थानकापर्यंत गेला असेल.

गावाबाहेर दोघांना उभं करून पेटवलं. बडग्या भसकन गेला, सरांच्या तोंडाची राख उडून पोरांच्या केसांत बसली. मारबत सावकाश जळली. आधी पोट जळलं, आरपार भोक पडलं, त्यातून पलीकडची पऱ्हाटी दिसली. मग घागरा. माझं नाव कडेने तपकिरी होत गेलं आणि शेवटी 'क्ष' तेवढा थोडा वेळ टिकला. काजलला रडू आलं. मला नाही. सगळे पाठ फिरवून निघाले, मी मुद्दाम मागे वळून पाहिलं. बघू, येते का परत.

संध्याकाळी गल्लीतली लहान पोरं लाकडी बैल सजवून तान्हा पोळ्याला निघाली होती, तेव्हा सर आमच्या घरी आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझा ब्लॉक. बाबा धडपडून उठले, खुर्ची पुसली. आईने पाणी आणलं, पण भांडं त्यांच्या हातात न देता खाली ठेवलं.

"मी चुकलो, रक्षा," सर म्हणाले. "तिथे विद्यार्थ्यांची चित्रं घेत नव्हते. इतकं चांगलं चित्र कपाटात पडून राहील, असं मी स्वतःला सांगितलं. नाव खरवडताना मात्र मला कळत होतं मी काय करतोय. तरी हात थांबला नाही."

उद्या स्वतः वर्ध्याला जाऊन चिठ्ठी बदलतो म्हणाले. मी म्हटलं, नावही बदला, 'परत आलेली मारबत' लिहा. त्यांनी मान हलवली. मग बाबांकडे वळून म्हणाले, तिला आता माझ्यासमोर बसणं जड जाईल, मलाही जाईल. वर्ध्याला माझ्या ओळखीचे एक सर आहेत, रविवारी शिकवतात, मी शब्द टाकतो.

बाबांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की जणू जुनी उधारी आपल्या पायाने चालत आली. "हे चांगलं होईन," ते म्हणाले.

मी आत गेले. सरांच्या तोंडाचा एक ठसा मी जाळायला दिला नव्हता. त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलीने सही केली, बारीक, सुबक, त्यांनीच शिकवली होती तशी, आणि आणून त्यांच्या हातात दिला. "तुमच्या खोलीत लावा, सर."

त्यांनी तो दाराच्या उजेडात धरला. मी वाट पाहत होते, फाडतील, ओरडतील, निदान रडतील तरी. त्यांचा अंगठा चित्रातल्या नाकाच्या बाजूने हळूहळू फिरला. "इथले घाव फार चांगले आलेत," ते म्हणाले. "पण सागवानावर आडवं कोरू नये. लाकडाच्या रेषेच्या दिशेने गेली असतीस तर जबडा अजून काळा झाला असता."

आणि ठसा शबनममध्ये ठेवून गेले.

मी ब्लॉक उघडला. पायापाशी तो गोल खड्डा. त्यातून बोट फिरवलं. मला त्या माणसाचा इतका राग येत होता की कपाळ तडतडत होतं. आणि त्याच वेळी मी मनातल्या मनात पोळपाट फिरवून पाहत होते, रेषेच्या दिशेने कसं गेलं असतं ते. त्यांच्या डोक्यात असं अजून किती असेल? माझं एक चित्र पचलं नाही म्हणून आणून दिलं, आणि बाकी सगळं स्वतःजवळ ठेवून मला वर्ध्याला पाठवून मोकळे होणार? स्वप्नातल्या त्या बाईचा प्रश्न मला ऐकू आला, अजून काही न्यायचं राह्यलं काय. आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर येत होतं.

बाबा म्हणत होते, झालं मग, संपलं, रविवारची बस किती वाजताची आहे ते पाहू. आई पोळपाटाकडे हात लांबवत होती.

"बाबा, मी वर्ध्याले जाणार नाई," मी म्हणाले. "मी सरांच्याच वर्गात बसणार. पहिल्या बाकावर, त्यांच्या नाकासमोर, रोज. त्यानं माह्यं एक चित्र नेलं. त्याच्यापाशी जे जे आहे ते सारं मी नेणार आहे, शेवटच्या घावापर्यंत, अन् तो शिकवत राहीन, कारण त्याच्याच्यानं राहवत नाई. अन् आई, ते पोळपाट ठेव खाली. तुले नवं आणा लागन. हे आता माह्यं आहे."